बुद्धिबळातला तुल्यबळ डाव बरोबरीत कसा सोडवायचा

समोरचा खेळाडू आपल्याच ताकदीचा असला की डाव बरोबरीकडे झुकतो. पण झुकणं वेगळं आणि अर्धा गुण पदरात पडणं वेगळं. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेन आणि डी. गुकेश यांची जगज्जेतेपदाची लढत १३ डावांनंतर साडेसहा-साडेसहा अशी अडली होती. चौदाव्या डावात डिंगचं एक प्यादं कमी होतं, तरी दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट अशी ती स्थिती बरोबरीचीच होती. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर नेऊन मारामारी, म्हणजे हत्तीला हत्ती अशी अदलाबदल, देऊ केली. हत्ती गेले, पाठोपाठ उंट गेले, राजे आणि प्यादी उरली, आणि तो शेवट सरळसरळ हरलेला होता. ५८ चालींत खेळ खलास.

आपल्यासारख्यांचे डावही असेच हातचे जातात. बरोबरीतला डाव हरण्याची दोन मोठी कारणं: भलत्या वेळी केलेली मारामारी, आणि हक्क असूनही बरोबरी रीतसर मागता न येणं. पुढे जे दिलंय ते मुख्यतः या दोन गोष्टींसाठी. नियम फिडेचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे, संथ डावांसाठीचे आहेत. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि त्याच्या बाजूने आडव्या रांगा १ ते ८.

बरोबरी हवी आहे का, हे आधी ठरवा

दोघांचं रेटिंग सारखं असेल तर बरोबरीने कोणाचंच रेटिंग हलत नाही. समोरचा १०० गुणांनी वरचढ असेल तर तुमच्याकडून अपेक्षा ०.३६ गुणाची असते. बरोबरी केलीत की ०.१४ जास्त मिळाले. के-गुणक (एका डावाने रेटिंग किती हलावं ते ठरवणारा आकडा) २० असेल तर रेटिंग २.८ ने वाढतं, ४० असेल तर ५.६ ने. तुम्ही १०० ने वरचढ असाल तर हाच हिशेब उलटा लागतो. म्हणजे नुकसान फार नसतं. खरा प्रश्न असतो तो स्पर्धेच्या तक्त्याचा. शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणाने काम होतंय की नाही, हे डावाला बसण्यापूर्वी बघून ठेवावं. घड्याळ चालू असताना तक्त्याकडे चकरा मारणारे खेळाडू हमखास काहीतरी विसरून परत येतात.

बरोबरी हवी म्हणून पहिल्या चालीपासून मागे मागे सरकायचं, हा मात्र सर्वात वाईट बेत. मोहरे बचावाला जुंपले की समोरच्याला फुकटात वेळ मिळतो, आणि तो एका बाजूला धमकी देऊन दुसऱ्या बाजूने शिरतो. त्यापेक्षा सममित प्यादी, एकच उघडी (प्यादी नसलेली) पट्टी आणि त्या पट्टीवर हत्तींची मारामारी असा रस्ता धरावा. सगळी प्यादी एकाच बाजूला राहतील असं पाहावं. एका बाजूला चार विरुद्ध तीन प्यादी आणि दोघांकडे एकेक हत्ती हा शेवट बहुतेक वेळा वाचतो. काळा बचाव करत असेल तर त्याची प्यादी एफ७, जी६, एच५ अशी असावीत. एच५ वरचं प्यादं समोरच्याला जी४ सहज खेळू देत नाही, आणि त्याने खेळलंच तर एक प्यादं मारामारीत जातं.

हीच गोष्ट सूत्र म्हणून लक्षात ठेवायची: मागे असाल तर प्यादी मारा, मोहरे राखा. पुढे असलेला याच्या बरोबर उलट करू पाहतो. पटावरची प्यादी जितकी कमी, तितकं वजीर करायला समोरच्याकडे उरतं कमी.

तीनदा तीच स्थिती: मोजायचं कसं

इथे सर्वाधिक घोळ होतात. नियम चालींबद्दल नाही, स्थितीबद्दल आहे. तीच स्थिती, चाल त्याच खेळाडूची, आणि दोघांना उपलब्ध असलेल्या चालीही त्याच. अशी स्थिती तिसऱ्यांदा आली की मागणी करता येते. या तीन वेळा लागोपाठ असण्याची गरज नाही. मधे कॅसलिंगचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क गेला असेल, किंवा पहिल्या वेळी एन पासां मारणं (नुकतंच दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारणं) शक्य होतं आणि नंतर नव्हतं, तर मोहरे त्याच घरांत असूनही स्थिती वेगळी धरली जाते.

बर्लिन बचाव नावाच्या सुरुवातीतली एक प्रसिद्ध छोटी बरोबरी हे समजायला उत्तम आहे. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट बी५ घोडा एफ६, पांढऱ्याचं कॅसलिंग, घोड्याने ई४ चं प्यादं मारलं. डी४ घोडा डी६, डी-प्याद्याने ई५ मारलं, घोड्याने बी५ चा उंट मारला. ए४, बी५ चा घोडा डी४ वर, पांढऱ्या घोड्याने डी४ मारलं, काळ्याचं डी५. ई-प्याद्याने ते एन पासां मारलं, काळ्या घोड्याने डी४ मारलं, पांढऱ्या वजिराने डी४ मारलं, आणि दहाव्या चालीला काळ्या वजिराने डी६ चं प्यादं मारलं. आता पांढरा वजीर ई४ वर शह देतो, काळा वजीर ई६ वर आडवा येतो. पांढरा वजीर परत डी४, काळा परत डी६.

मोजणी अशी: दहाव्या चालीनंतरची स्थिती ही पहिली वेळ. काळ्याची बारावी चाल, वजीर डी६, ही दुसरी. चौदावी, पुन्हा वजीर डी६, ही तिसरी. पुष्कळ जण 'दोनदा मागे-पुढे केलं, म्हणजे दोन वेळा झालं' असं मोजतात आणि मूळ स्थिती धरायलाच विसरतात. काही जण तीन शह मोजतात. दोन्ही चूक. स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) स्थिती पहिल्यांदा आली त्या चालीपाशी बारीक खूण करणं मात्र टाळा, कारण चाली, घड्याळातली वेळ, बरोबरीचे प्रस्ताव, मागणीशी संबंधित बाबी आणि तत्सम माहिती सोडून स्कोअरशीटवर काही लिहायला परवानगी नाही. चालीचा क्रमांक डोक्यात ठेवायचा.

मागणी कशी करायची? दोनच रीती आहेत. समोरच्याच्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा आली असेल तर पटाला हात न लावता घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलवा. तुमच्या चालीने ती तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल पटावर खेळू नका. आधी स्कोअरशीटवर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना सांगा की ही चाल खेळायचा माझा इरादा आहे आणि तिने स्थिती तिसऱ्यांदा येते. लिहिलेली ती चाल मग बदलता येत नाही.

चुकतं ते इथे: उत्साहाच्या भरात चाल खेळली, घड्याळ दाबलं आणि मग हात वर केला. तोवर पाळी समोरच्याची झालेली असते, तुमचा हक्क गेलेला असतो. खेळण्याच्या इराद्याने मोहऱ्याला नुसता स्पर्श केला तरी त्या चालीपुरता हक्क जातो. मागणी चुकीची ठरली तर समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात आणि डाव पुढे चालतो. एकदा केलेली मागणी मागे घेता येत नाही. म्हणून खात्री नसेल आणि स्थिती पुन्हा आणता येत असेल, तर आणखी एक फेरा मारून मग मागावी.

पन्नास चालींचा नियमही याच पद्धतीने मागायचा: दोघांच्या मिळून शेवटच्या ५०-५० चालींत एकही प्यादं हललेलं नसावं आणि एकही मोहरा किंवा प्यादं मारलं गेलेलं नसावं. स्थिती पाचदा आली किंवा अशा ७५-७५ चाली झाल्या तर कोणी मागो न मागो, डाव बरोबरीत संपतो. अपवाद एवढाच की पंचाहत्तरावी चाल मात देणारी असेल तर मात ग्राह्य.

प्रस्ताव ठेवायचा तर

क्रम ठरलेला आहे. चाल खेळा, 'बरोबरी?' किंवा 'ड्रॉ?' म्हणा, मग घड्याळ दाबा. असं केल्यावर समोरचा विचार करतो तो त्याच्या वेळात. चाल खेळण्याआधीच विचारलंत तरी प्रस्ताव वैध असतो, पण तोटा तुमचा: समोरचा शांतपणे तुमची चाल बघतो आणि मग ठरवतो. तो विचारात असताना विचारणं म्हणजे व्यत्यय. नकार मिळाल्यावर स्थितीत काही फरक नसताना दर दोन चालींनी पुन्हा विचारणं हाही व्यत्ययच, आणि पंच त्यासाठी शिक्षा करू शकतात.

प्रस्तावाला अट घालता येत नाही आणि तो मागेही घेता येत नाही. समोरचा तोंडाने नाही म्हणेपर्यंत, किंवा खेळण्यासाठी मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो जिवंत असतो. दोघांनीही स्कोअरशीटवर त्या चालीपुढे कंसात बरोबरचं चिन्ह काढायचं असतं, (=) असं. ठरावीक चालींपूर्वी किंवा पंचांच्या संमतीशिवाय बरोबरी मान्य करू नये, असं स्पर्धेच्या नियमावलीत असू शकतं. ते पत्रक आधी वाचलेलं बरं.

कधी विचारावं? स्थिती तुमच्या बाजूने किंचित झुकलेली असताना विचारलं तर होकाराची शक्यता जास्त. हरत असताना विचारणाऱ्याला समोरचा लगेच ओळखतो, वर त्याचा आत्मविश्वास वाढतो. उलट बाजूने पाहिलं तर, समोरच्याचा प्रस्ताव आला की घाई करू नका. त्याला स्थितीत काय खुपतंय हे शोधायला तुमच्याकडे तुमचा सगळा वेळ आहे.

हातात असायलाच हवेत असे शेवट

एकटं प्यादं. पांढऱ्याचा राजा ई५ वर, प्यादं ई६ वर. काळा राजा ई७ वर, चाल काळ्याची. उत्तर एकच: राजा सरळ मागे, ई८ वर. मग पांढरा राजा डी६ वर आला की काळा डी८ वर समोरासमोर उभा राहतो. प्यादं ई७ वर शह देत आलं की राजा ई८ वर, आणि आता पांढऱ्याला प्यादं राखायचं तर राजा ई६ वर आणावाच लागतो. काळ्याला चाल उरत नाही, शहही नाही: स्टेलमेट. पहिल्याच चालीला काळा तिरका, डी८ वर गेला असता तर? पांढरा राजा डी६, काळा ई८, प्यादं ई७ वर आणि या वेळी शह न देता. काळ्याला एफ७ वर जावं लागतं, पांढरा डी७ वर, पुढच्या चालीला वजीर. प्यादं सातव्या रांगेत शह देत आलं तर बरोबरी, न देता आलं तर हार. मधल्या प्याद्यांपुरती ही खूण या ठिकाणी उपयोगी पडते.

हे पक्कं येत नसेल तर शेवटचा मोहरा मारामारीत देऊ नका. डिंगच्या डावातला धडा हाच. हत्ती पटावर असेपर्यंत बचावात चुकायला थोडी जागा असते, राजा-प्याद्यांच्या शेवटात ती जवळपास नसते.

हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती. फिलिडोरची स्थिती. पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. काळा राजा ई८ वर म्हणजे प्याद्याच्या वाटेत, हत्ती बी६ वर. काळ्याचं काम अगदी थोडं: हत्ती सहाव्या रांगेतच इकडेतिकडे हलवत राहायचा, म्हणजे पांढरा राजा त्या रांगेत येऊ शकत नाही. प्यादं ई६ वर आलं, की त्याच क्षणी हत्ती थेट खाली बी१ वर. पांढरा राजा डी६ वर आला की डी१ वरून शह, ई५ वर गेला की ई१ वरून शह, आणि असेच पाठीमागून शह देत राहायचं. ई६ हे राजाच्या आडोशाचं घर होतं, तिथे आता त्याचंच प्यादं बसलंय.

यात दोन चुका होतात. पहिली, प्यादं ई५ वर असतानाच घाईने हत्ती खाली नेणं. मग राजा सहाव्या रांगेत शिरतो, प्यादं मागे राखून. दुसरी जास्त फसवी: प्यादं ई६ वर आल्यावरही हत्ती सहाव्या रांगेतच ठेवणं. आता ते प्यादंच रांग अडवतं, पांढरा राजा ई५ वरून एफ६ वर जातो आणि बी६ वरच्या हत्तीचा त्याला काही त्रास होत नाही. पुढची धमकी मातेची.

फिलिडोर जमली नाही, काळ्या राजाला प्याद्यापुढून हटावंच लागलं, तर राजा पटाच्या कमी पट्ट्या असलेल्या बाजूला न्या आणि हत्ती लांबच्या बाजूला ठेवा. प्यादं आणि हत्ती यांच्यामध्ये किमान तीन पट्ट्या मोकळ्या असल्या तर आडवे शह चालतात. जवळून दिले तर राजा चालत येऊन हत्तीलाच हाकलतो.

चुकीच्या रंगाचा उंट. हे बचावाचं सोनं. समोरच्याकडे उंट आणि कडेचं प्यादं आहे, पण प्यादं जिथे वजीर होणार तो कोपरा उंटाच्या रंगाचा नाही, तर तुमचा राजा त्या कोपऱ्यात पोचला की झालं. पांढऱ्यासाठी एच८ काळं घर आहे, म्हणून एच-प्यादं आणि एफ१ वरून निघालेला उंट जिंकत नाही. ए८ पांढरं घर, म्हणून ए-प्यादं आणि सी१ वरून निघालेला उंट जिंकत नाही. डाव इथवर यायच्या बऱ्याच आधी ही नोंद मनात हवी. मग दोन प्यादी मागे असतानाही, शेवटचं मधलं प्यादं घोडा देऊन मारायचं आणि राजा कोपऱ्याकडे पळवायचा, असा बेत आखता येतो.

विरुद्ध रंगाचे उंट. एक प्यादं जास्त असलं तरी बहुधा काही होत नाही, दोन असूनही अनेकदा होत नाही. तुमची प्यादी तुमच्याच उंटाच्या रंगाच्या घरांवर ठेवा. समोरचा उंट त्यांना कधी हात लावू शकणार नाही. राजा त्याच्या प्याद्यापुढे, त्याच्या उंटाला दिसत नाही अशा घरात रोवा. एकाच रंगाचे उंट असताना प्याद्यांचा हा सल्ला लावू नका, तिथे सहसा उलटं करावं लागतं.

वजीर विरुद्ध सातव्या रांगेपर्यंत पोचलेलं प्यादं. वजीर बहुधा जिंकतो. ए, सी, एफ, एच या चार पट्ट्यांवर मात्र, समोरचा राजा लांब असेल तर, स्टेलमेट वाचवतं. काळं प्यादं सी२, राजा बी१, पांढऱ्या वजिराचा बी३ वरून शह. सी१ वर जाऊन स्वतःच्याच प्याद्याची वाट अडवू नका. राजा ए१ वर घाला. वजिराने सी२ चं प्यादं मारलं तर स्टेलमेट, नाही मारलं तर तुमचा वजीर होतोय.

शहांचा फेरा

समजा काळ्याकडे वजीर बी२ वर, हत्ती सी२ वर, प्यादी जी७ आणि ए३, राजा जी८. पांढऱ्याकडे राजा जी१, एच५ वर वजीर, आणि एफ२, जी२, एच३ ही प्यादी. एक अख्खा हत्ती कमी, तरी बरोबरी: वजीर ई८ वर शह, राजाला फक्त एच७, वजीर एच५ वर शह, राजाला फक्त जी८. पुन्हा ई८. हा फेरा सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासा. एफ७ आणि जी६ ही घरं रिकामी आहेत ना, म्हणजे वजिराला येजा करता येईल. आणि समोरच्याचा एखादा मोहरा एफ८ किंवा एच६ वर आडवा तर येणार नाही ना. एक उंट एफ८ वर पोचत असेल तर सगळा बेत कोसळतो. सततच्या शहाचा असा वेगळा नियम नाही. शेवटी बरोबरी मिळते ती तीनदा तीच स्थिती आल्यामुळे किंवा दोघांच्या संमतीने. म्हणून इथेही मोजत राहायचं.

घड्याळ पडलं तर

तुमची वेळ संपली आणि समोरच्याकडे नियमाला धरून कोणत्याही चालींनी मात देण्याची शक्यताच नसेल, उदाहरणार्थ त्याच्याकडे नुसता राजा उरला असेल, तर डाव बरोबरीत. पण 'शक्यता' हा शब्द नीट वाचा. समोरच्याकडे एकटा घोडा आहे आणि तुमच्याकडे एक प्यादं, वेळ तुमची संपली, तर तुम्ही हरता. कारण अशी मात पटावर मांडता येते: तुम्ही काळे असाल तर तुमचा राजा ए१, तुमचंच प्यादं ए२, त्याचा राजा सी२ आणि घोडा बी३. तुमच्याकडे प्यादं नसतं तर एकट्या घोड्याने मात होऊच शकत नाही, आणि डाव तिथेच बरोबरीत संपला असता. वेळ कमी असताना ते प्यादं देऊन टाकणं कधीकधी खरोखर शहाणपणाचं असतं. मात्र समोरच्याने ते मारलं पाहिजे, आणि तेही तुमचं घड्याळ पडण्याआधी.

डाव संपल्यावर दोन्ही स्कोअरशीटवर अर्धा-अर्धा असं लिहून दोघांच्या सह्या करा. सही करताना आकडा पुन्हा वाचा. चुकीचा निकाल लिहून सह्या झाल्या तर पंचांनी वेगळं ठरवेपर्यंत तोच निकाल धरला जातो.